उघड्या जिप्सीचं कापडी कव्हर: मापापासून पहिल्या पावसापर्यंत

मोहर्ली, कोलारा, सिल्लारी अशा ताडोबा-पेंचच्या जंगलाच्या गेटजवळच्या गावांत अंगणात सफारीची उघडी जिप्सी उभी असते. तिच्यावर निळी ताडपत्री टाकलेली आणि ताडपत्रीवर चार विटा. ज्यांनी हौसेनं कापडी कव्हर शिवून घेतलं, त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांची पहिल्याच पावसात फसगत होते. मधोमध तळं साचतं, कापड झोळीसारखं खाली येतं आणि सगळं पाणी मागच्या सीटवर उतरतं. कापड वाईट नसतं, शिलाईही बहुतेकदा बरी असते. कामाचा क्रम तेवढा उलटा झालेला असतो. लोक आधी कापड आणतात, गाडीवर पसरतात, कापतात आणि पाणी कुठून जाणार ते सगळ्यात शेवटी बघतात.

इथे क्रम असा आहे: उतार, साचा, कच्ची शिवण, कापणी, शिलाई. जुनी उघडी जीप किंवा छत काढलेली थार असली तरी हाच क्रम चालतो, फक्त मापं बदलतात. नवी जिप्सी आता बनत नाही. शिवाय सफारीच्या गाड्यांवर पाईप, मागच्या उंच सीटा आणि धरायचे दांडे ज्याच्या त्याच्या वेल्डरनं आपापल्या अंदाजानं बसवलेले असतात. त्यामुळे तयार कव्हर नीट बसेल ही आशा सोडून द्या.

१. किती झाकायचं आणि गाडी कुठे उभी राहते

फक्त बैठक झाकायची. समोरच्या काचेच्या वरच्या कडेखाली वीतभर, तिथपासून मागच्या दारापर्यंत, आणि बाजूंनी दाराच्या वरच्या कडेखाली वीतभर. बोनेट, चाकं, मडगार्ड उघडे राहू द्या. पूर्ण गाडीचं कव्हर दिसतं झकास, पण काळ्या मातीची धूळ कापड आणि रंगाच्या मध्ये अडकते आणि वाऱ्यानं कापड हललं की रंगावर घासत राहते. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी असली की कव्हर दिवसातून दोनदा निघतं, दोनदा चढतं. जे काढायला दहा मिनिटं लागतात ते कव्हर आठ दिवसांत कोठ्यात पडतं आणि पुन्हा ताडपत्री येते.

गाडीची जागा कोणती ते आधी पक्कं करा, कारण कापड त्यावरच ठरतं. टिनाच्या शेडखाली उभी राहत असेल तर फक्त धूळ आणि मांजरं अडवायची आहेत. झाडाखाली असेल तर पक्ष्यांची घाण, चीक आणि वानरं. मोहाखाली उभी करत असाल तर मार्च-एप्रिलमध्ये फुलांचा सडा कव्हरवर पडतो, चिकटतो, आणि तो खायला वानरं कव्हरवरच बसतात. कव्हर शिवण्यापेक्षा गाडी हलवणं स्वस्त पडेल. पूर्ण उघड्यावर असेल तर मे महिन्यातलं चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडचं ४५ अंशांच्या पुढचं ऊन आणि त्यामागोमाग येणारा पाऊस, दोन्ही सोसायचे आहेत.

उघड्यावर गाडीचं तोंड पश्चिमेकडे ठेवा. पावसाळी वारा तिकडूनच येतो. तो काचेवर आदळून वरून जातो. तोंड पूर्वेला असेल तर वारा मागच्या दाराकडून कव्हरखाली शिरतो आणि कितीही दोऱ्या बांधल्या तरी त्याला फुगवतो.

२. आधी सांगाडा, मग कापड

इथे घाई करू नका. कापडाला उतार नसेल तर जगातलं सगळ्यात भारी वॉटरप्रूफ कापडही गळतं, कारण साचलेलं पाणी शिवणीच्या भोकांवर तासन्‌तास बसून राहतं. शिवाय पाण्याच्या वजनानं कापड ताणलं जातं आणि खड्डा पुढच्या पावसाला आणखी खोल होतो.

जिप्सीत समोर काचेची चौकट, मध्ये ड्रायव्हरच्या मागचा आडवा पाईप आणि मागे दांडे असतात. या तिन्ही ठिकाणी कापड टेकतं. मधल्या मोकळ्या जागेत ते खाली येतं. तिथे दोन कमानी लागतात: एक काच आणि पाईपच्या मध्ये, दुसरी पाईप आणि मागच्या दाराच्या मध्ये. कमानीला ३२ मिमीचा काळा पाईप घ्या, वावरात पाणी न्यायला वापरतात तो. ठिबकची १६ मिमीची नळी घेऊ नका. ती उन्हात मऊ पडते आणि पहिल्या सरीत वाकते. पाईप गाडीच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त कापा आणि दोन्ही टोकं बाजूच्या दांड्यांना किंवा दाराच्या कडेच्या आतल्या बाजूला अशी अडकवा की मध्यभाग टोकांपेक्षा १२ ते १५ सेंमी वर येईल.

मग काचेच्या चौकटीच्या मध्यापासून दोन्ही कमानी आणि पाईपवरून मागच्या दारापर्यंत निवारीची एक पट्टी ताणून बांधा. दोन इंच रुंदीची निवार आणि एक दात असलेलं बकल एवढं पुरतं. हा झाला कव्हरचा कणा. कणा ताणलेला असेल तर कापडाला स्वतः ताण घ्यावा लागत नाही, ते नुसतं त्यावर टेकतं.

उतार मोजायला गवंड्याची लेव्हल पाईप किंवा साधी दोरी आणि पट्टी चालेल. कण्यापासून बाजूच्या कडेपर्यंत दर फुटाला किमान दोन इंच उतार हवा. कमी भरला तर कमान उंच करा. कापड जास्त ताणून उतार काढायच्या भानगडीत पडू नका.

*तपासा:* कण्यावर जुनी साडी किंवा चादर टाका आणि मध्यभागी एक लिंबू ठेवा. ते घरंगळत बाजूला पडलं पाहिजे. थांबलं, तर तिथेच तळं होणार आहे.

*सावध:* पाईपची कापलेली टोकं, वेल्डिंगचे काटे आणि उघडे नटबोल्ट आताच कानस मारून गुळगुळीत करा आणि जुन्या सायकलच्या ट्यूबनं गुंडाळा. कापड फाटायला सुरुवात इथूनच होते.

३. कापड निवडताना

निळी किंवा काळी प्लास्टिकची ताडपत्री शिवायला घेऊ नका. सुईनं पाडलेल्या भोकांच्या रेषेत ती टराटरा फाटते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत तिचा भुगा होऊ लागतो. सीटवर दिसणारी निळी चमचम त्याचीच.

जाड पीव्हीसी ताडपत्री, ट्रकवर असते ती, पाणी अजिबात आत सोडत नाही. पण आतली वाफही बाहेर सोडत नाही. ओल्या सीटवर ती घातली की दोन दिवसांत फोमला वास सुटतो. वजनही एवढं की एकट्या माणसाला रोज काढता-घालता येत नाही.

सुती कॅनव्हासला श्वास आहे. भिजलं की धागे फुगतात आणि बारीक भोकं बुजतात. पण ते आटतं, भिजल्यावर जड होतं आणि ओलं घडी घातलं की बुरशी धरतं. शेडखालच्या गाडीला मात्र हे उत्तम आणि गावच्या मशीनवर निमूट शिवलं जातं.

उघड्यावरच्या गाडीसाठी बहुतेकांनी ६०० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), आतून पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप असलेलं पॉलिस्टर घ्यावं, असं माझं मत आहे. शाळेच्या दप्तरांना वापरतात त्याच जातीचं कापड. हलकं आहे, आटत नाही आणि लेपाची बाजू आत ठेवली तर लेप जास्त टिकतो. रंग राखाडी किंवा खाकी घ्या. काळ्या कव्हरखालचं स्टीअरिंग मे महिन्यात दुपारच्या फेरीला हातात धरवत नाही. सोल्यूशन-डाईड, म्हणजे धागा बनतानाच रंग मिसळलेला, ॲक्रिलिक कॅनव्हास उन्हाला याहून चांगला टिकतो, पण किंमत ऐकून बहुतेक लोक दुकानातूनच परत फिरतात.

नागपुरात गांधीबाग-इतवारीकडे चौकशी करताना नुसतं ‘वॉटरप्रूफ द्या’ म्हणू नका. हाताएवढा तुकडा मागून घ्या आणि घरी दोन परीक्षा करा. स्टीलच्या वाटीवर तो खोलगट पसरून त्यात पाणी ओता आणि अर्धा तास ठेवा. वाटीच्या तळाशी थेंब दिसला तर ते कापड नको. मग तुकडा घट्ट मुठीत चुरगळून सोडा आणि लेपाची बाजू बघा. पांढऱ्या रेघा किंवा पापुद्रे दिसले तर लेप कच्चा आहे.

किती लागेल? कापडाचा पन्हा साधारण ५८ इंच, म्हणजे १४७ सेंमी असतो. जिप्सीची रुंदी १५४ सेंमी, पण ती मडगार्डसकट. बैठकीची वरची रुंदी त्याहून कमी असते. त्यामुळे मधला पट्टा एकाच पन्ह्यात बसतो आणि जोड नेमका कडेवर येतो, तो तिथेच हवा. काचेपासून मागपर्यंत कण्यावरून मोजलेली लांबी समजा ३.२ मीटर आली. दोन्ही टोकांच्या दुमडीसाठी १० सेंमी धरून मधला पट्टा ३.३ मीटर. बाजूच्या दोन झालरींसाठी आणखी ३.३ मीटर. तो पन्हा उभा कापला की ४५ सेंमीच्या दोन झालरी निघतात आणि उरलेल्यातून आरशांचे खिसे आणि ठिगळं होतात. वर थोडं जास्त धरून साडेसात मीटर आणा. नंतर त्याच गठ्ठ्यातलं कापड मिळेलच असं नाही.

४. साचा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

साचा गाडीवरच बनतो. टेपनं मापं घेऊन घरात कागदावर आखलेला साचा उघड्या गाडीवर बसत नाही, कारण तिच्यावर सपाट असं काहीच नसतं.

साच्यासाठी जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, पावसाळ्यात ओसरीला पडदा म्हणून लावतात ते. आरपार दिसत असल्यानं खुणा बरोबर जागी पडतात. मल्चिंग पेपर घरात पडलेला असतो म्हणून तो वापरायचा मोह होतो. तो ताणला जातो. तुम्ही हातानं जरा ओढला की साचा मोठा होतो आणि कव्हर सैल येतं. जुन्या चादरीचंही तेच, तिरकी ओढली की ती हवी तेवढी वाढते.

काम सकाळी करा. दुपारच्या उन्हात प्लास्टिक सैल पडतं आणि सकाळच्या खुणा दुपारी जुळत नाहीत.

पहिल्यांदा सीटा, स्टीअरिंग, आरसे रोज असतात त्या जागी आणा. कमानी आणि कणा लावलेलाच हवा. प्लास्टिकवर मधोमध एक सरळ रेषा मार्करनं आखा आणि ती कण्यावर ठेवून चिकटपट्टीनं पक्की करा. मग मध्यापासून बाहेरच्या बाजूला हळूहळू सपाट करत जा. सुरकुती आली तर दाबून लपवू नका. ती चिमटीत धरा, चिकटवा आणि तिच्या दोन्ही कडा आखून घ्या, ही तुमची चूण. काचेच्या चौकटीच्या दोन कोपऱ्यांत आणि मागच्या दाराच्या कोपऱ्यांत चुणा येणारच. त्या टाळल्या तर कापड तिथे कायम उभं राहतं आणि वारा धरतं.

कडा आखल्या की बाजूच्या झालरी वेगळ्या तुकड्यांवर बनवा. डावी बाजू बनवून तीच उलटी करून उजवीला वापरण्याची युक्ती सगळे करतात आणि तिथेच गोची होते. जुन्या गाडीची एखादी बाजू कधीतरी ठोकून काढलेली असते, एका बाजूचा आरसा पुढे-मागे असतो, पाईप एखादा इंच कललेला असतो. दोन्ही बाजू वेगळ्या मोजा.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगाचं काम: जुळणीच्या खुणा. जिथे दोन तुकडे जोडले जाणार, त्या रेषेवर दर २० सेंमीवर दोन्ही तुकड्यांवर आडवी रेघ मारा आणि १, २, ३ असे आकडे टाका. कापड मशीनखाली वरचं थोडं मागे राहतं, खालचं पुढे जातं. खुणा नसतील तर तीन मीटरच्या शिवणीच्या शेवटी चार बोटांचा फरक पडतो आणि शिवणारा तो ओढून-ताणून दडपतो.

साचा काढण्याआधी प्रत्येक तुकड्यावर एवढं लिहा: पुढे-मागे, डावं-उजवं, बाहेरची बाजू, मध्यरेषा, आरशाची जागा, पाईप टेकतो ती जागा, दोरी किंवा पट्टा कुठे येणार ती जागा. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. पट्टा कुठे येणार ते गाडीवर असतानाच कळतं. टेबलावर बसून ठरवलेला पट्टा नेमका सायलेन्सरच्या वर येतो.

*तपासा:* साचा काढून, तासाभरानं पुन्हा गाडीवर ठेवा. मध्यरेषा कण्यावर आणि चारही कोपरे आपापल्या जागी आले तरच पुढे जा.

५. कच्चं शिवून बघा

साडेसात मीटर चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाट किंवा जुन्या धोतराचं एक कव्हर लांब टाक्यांनी कच्चं शिवा आणि गाडीवर चढवा. हे टाळणारे सांगतात, ‘साचा बरोबर आहे ना, मग कशाला?’ साच्यावरून कळत नाही की एकट्या माणसाला ते आरशावरून ओढून मागे नेता येतं का. कच्च्या कव्हरवरून कळतं.

ते चढवून दार उघडा-बंद करा. स्टीअरिंगच्या वरती कापड टेकतं का ते बघा. मागच्या उंच सीटांचे कोपरे खालून टोचतात का ते हात फिरवून तपासा. सैल जागा चिमटीत धरून टाचण्या लावा, घट्ट जागेची शिवण उसवून किती फाकते ते मोजा आणि हे सगळं साच्यावर उतरवा. मग झारीनं वरून पाणी टाका. सुती कापड भिजून खाली कुठे ओढलं जातं ते लगेच दिसतं.

*सावध:* पाणी मारायला फवारणीचा पंप घेऊ नका. कितीही विसळला तरी नळीत औषधाचा अंश राहतो, आणि याच सीटवर उद्या पाहुण्यांची लेकरं बसणार आहेत.

६. कापणी

सुती कापड असेल तर आधी ५० बाय ५० सेंमीचा तुकडा कापून रात्रभर भिजवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. ५० चे ४७ झाले, तर तीन मीटरमागे १८ सेंमी जाणार. त्यामुळे सगळं कापड आधी भिजवून, वाळवून, मगच कापा. पॉलिस्टरला ही गरज नाही.

ओसरी झाडून, पुसून तिथे कापड लेपाची बाजू वर करून पसरा. कापडाची लांबी गाडीच्या लांबीशी जुळवा, कारण उभा धागा कमी ताणतो. जोडाला दीड सेंमी आणि खालच्या कडेला पाच सेंमी जास्त सोडा. आखायला टेलरचा खडू. बॉलपेनची शाई उन्हात कापडाच्या दुसऱ्या बाजूला उतरते.

दोन झालरी कापताना डाव्या आणि उजव्या, दोन्ही साच्यांची ‘बाहेरची बाजू’ खाली ठेवा. एखादा साचा उलटा पडला की लेप एकीचा आत आणि एकीचा बाहेर येतो. कात्री लावण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या लेपाच्या बाजूवर खडूनं फुली मारा आणि सगळ्या फुल्या वर आहेत ना ते बघा.

पॉलिस्टरच्या कडा कापल्यावर उसवतात. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक कडेवरून हलकेच फिरवा, धागे वितळून बसतात. हे मोकळ्या हवेत करा.

७. शिलाई

घरच्या मशीनवर हे काम होतं, पण १६ किंवा १८ नंबरची सुई लागते. १४ ची सुई चार थरांवर मोडते. धागा पॉलिस्टरचा, जाड. सुती धागा पावसात कुजतो आणि नायलॉनचा धागा उन्हात कमजोर होतो, म्हणून कापड शाबूत आणि शिवण उसवलेली असं दृश्य दिसतं. टाका साडेतीन ते चार मिलिमीटर. बारीक टाका मजबूत वाटतो, प्रत्यक्षात तो भोकांची रांग पाडून कापड फाडायची सोय करतो.

गावच्या सीटकव्हरवाल्याकडे देणार असाल तर सगळे तुकडे खुणांसकट द्या आणि समोर बसा. त्याची मशीन जड कापडाला सरावलेली असते, पण त्याला सवय घट्ट सीटकव्हरची. ‘मास्तर, ओढून नका घेऊ, खुणेला खूण लावा. उरलं तर मला सांगा,’ एवढं आधीच बोलून ठेवा. नाहीतर तो प्रेमानं दोन इंच आत घेतो.

शिवायचा क्रम असा:

आधी ठिगळं. पाईप, कमानी, काचेच्या चौकटीचे कोपरे जिथे टेकतात तिथे त्याच कापडाचा दुसरा थर आतून लावा. तुकडे सपाट असतानाच हे जमतं, जोडल्यानंतर मशीनखाली जात नाही. ठिगळाचे कोपरे गोल कापा, चौकोनी कोपऱ्यापासून कापड फाटत जातं. काचेला टेकणाऱ्या भागाला आतून फ्लॅनेल लावा.

मग चुणा शिवा. त्यानंतर मधला पट्टा आणि झालरी जोडा. इथे कौलांचा नियम: वरचं खालच्यावर यावं. मधल्या पट्ट्याची कड झालरीच्या बाहेरून खाली आली पाहिजे, म्हणजे पाणी जोडावरून घसरून जातं, आत शिरत नाही. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोन समांतर शिवणी मारा, जीन्सच्या पायाला असते ती शिवण. एकेरी शिवण वाऱ्यात उघडते.

टाचण्या वापरू नका. लेपाला पडलेलं भोक बुजत नाही. कपड्यांचे चिमटे किंवा कागदाला लावायच्या क्लिपा लावा. लेपाची बाजू मशीनच्या पायाला चिकटत असेल तर थोडी टाल्कम पावडर भुरभुरा. तीन मीटरचं कापड मागून कोणीतरी उचलून धरायला हवं. वजन मशीनवरून खाली लोंबलं की सुई वाकते.

झालरी जोडल्या की गाडीवर एकदा चढवून बघा. मग आरशांचे खिसे. खिसा आरशाच्या दांड्यावरून खाली बसला की कव्हरचं तोंड तिथेच पकडलं जातं, समोर वेगळी दोरी लागत नाही. वायपरला दोरी बांधणारे लोक पाहिले आहेत. एका वावटळीत वायपर वाकतो.

मागच्या बाजूला, कण्याजवळ, हवा जायला हातभर रुंदीची एक फट ठेवा. तिच्यावर वरून झापड आणि आतून मच्छरदाणीची जाळी. झापडीचं तोंड मागे. जाळी विसरलात तर महिन्याभरात आत गांधीलमाश्यांचं पोळं होतं.

सगळ्यात शेवटी खालची कड दुमडून चार सेंमीची नळी शिवा. तिच्यातून दोरी जाणार आहे.

८. डोळे, दोरी, पट्टे

बॉडीला भोकं पाडून प्रेस बटणं लावू नका. चिखल त्या भोकांत बसतो आणि दोन पावसाळ्यांत तिथून गंज धरतो. वेल्क्रोही नको. कुसळं आणि कापसाचे तंतू त्यात असे भरतात की हिवाळा संपेपर्यंत ते चिकटायचं बंद होतं.

खालच्या नळीतून इलास्टिकची दोरी टाका, मोटारसायकलवर सामान बांधायची असते त्या जातीची. उन्हात रबर मरतंच, म्हणून ती शिवून पक्की करू नका. टोकं मोकळी आणि गाठ मारलेली ठेवा, म्हणजे नवी ओवता येते.

दोन्ही बाजूंना दाराच्या मागे एकेक आणि मागच्या दाराशी दोन निवारीचे पट्टे, प्लास्टिकच्या बकलसकट. लोखंडी बकल रंगावर आपटतं. पट्टा कापडाला जोडताना चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण मारा आणि मागे ठिगळ द्या. डोळे, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या कड्या, पाडायचे असतील तर पितळी घ्या आणि दुमडलेल्या दुहेरी कापडावरच ठोका. एकेरी कापडातला डोळा पहिल्या वादळात कापडासकट निघतो.

*सावध:* गाडीखालून जाणारा कुठलाही पट्टा सायलेन्सरपासून दूर हवा. फेरीवरून आलेल्या गाडीचा सायलेन्सर बराच वेळ तापलेला असतो आणि पॉलिस्टर त्याला टेकलं की वितळून चिकटतं.

९. शिवणी बुजवणं आणि पाण्याची परीक्षा

पॉलिस्टरच्या शिवणींना आतून सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवायचं द्रव, ब्रशनं लावा. चुणांची टोकं आणि ठिगळांच्या कडा चुकवू नका, सगळ्यात जास्त पाणी तिथूनच झिरपतं. एक दिवस सावलीत वाळू द्या. सुती कॅनव्हासला शिवणीवर मेण घासून गरम इस्त्री कागदावरून फिरवली की काम होतं.

सीटांवर जुनी वर्तमानपत्रं पसरा, कव्हर चढवा, आणि बादलीनं नव्हे, झारीनं वीस मिनिटं पाणी टाका. बादलीचं पाणी एकदम ओघळून जातं आणि खोटा दिलासा मिळतो. मग कव्हर काढून कागद बघा. ओल्या डागाच्या बरोबर वर जी शिवण असेल ती पुन्हा सील करा. डाग मधोमध आणि मोठा असेल तर सीलर लावत बसू नका. ती उताराची भानगड आहे, कमान उंच करा.

वाऱ्याचीही परीक्षा घ्या. एका बाजूची झालर धरून वर ओढा. वीतभरापेक्षा जास्त उचलली गेली तर त्या बाजूला आणखी एक पट्टा हवा. मे अखेरच्या वावटळी तुमच्या हातापेक्षा जोरात ओढतात.

१०. रोजचा वापर

चढवताना आधी आरशांचे खिसे, मग मागे ओढा, शेवटी पट्टे. काढताना उलट क्रम. काढण्याआधी वरची धूळ फडक्यानं झटका आणि बाहेरची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. धुळीची बाजू आत गेली की पुढच्या वेळी ती सीटांवर येते.

पावसात फेरी मारून आलेल्या ओल्या सीटवर कव्हर लगेच टाकू नका. सीटा पुसा, तासभर वारा लागू द्या. जागा नसेल आणि पाऊस सुरूच असेल तर कव्हर टाका, पण पट्टे सैल ठेवून मागची बाजू थोडी उचललेली राहू द्या.

धुवायला साधं पाणी, मऊ ब्रश आणि अंगाचा साबण. कपड्यांची पावडर आणि ब्लीच लेप खातात. कव्हर चढवून गाडी चालवू नका, अगदी गावातल्या गावातही.

१ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा गाभा (कोअर झोन) सफारीला बंद असतो. त्या काळात गाडी शेडमध्ये राहणार असेल तर कव्हर कडक वाळवून टिनाच्या पेटीत ठेवा. कोठ्यात दोरीवर टांगलेलं कव्हर उंदीर कुरतडतात आणि ओलं ठेवलेल्या पीयू कापडाचा लेप चिकट होऊन सोलतो. ऑक्टोबरात सोयाबीनच्या गंजीवर झाकायला ते कोणी मागितलं, तर घरात दुसरी ताडपत्री आहे असं सांगा आणि ती खरंच ठेवा. गंजीवरून परत आलेल्या कव्हरात काडीकचरा टोचून लेपाची चाळण झालेली असते.

छोटं भोक दिसलं की लगेच गोल ठिगळ लावा, बाहेरून नाही, आतून, आणि कडेला सीलर. उरलेलं कापड, थोडा धागा आणि एक जादा बकल एका पिशवीत ठेवा. साचा घडी घालू नका, घडीवर प्लास्टिक तडकतं. तो पाईपवर गुंडाळून, वर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून आढ्याला टांगा. पुढच्या कव्हरच्या वेळी गाडीवर नवा दांडा लागलेला नसेल, तर थेट पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करता येते.